आज आक्काचं नको

दत्ता लोहकरे याने मागच्या वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, नांदेडच्या एका सभागृहात कार्यक्रम चालू असताना हातातला माईक खुर्चीवर ठेवला आणि तो बाजूच्या दाराने बाहेर गेला. त्याचा जोडीदार सिद्धार्थ सोनकांबळे व्यासपीठावर एकटा उरला. हाही कार्यक्रमाचाच भाग असावा असे समजून प्रेक्षक बराच वेळ टाळ्या वाजवत होते. त्यानंतर दत्ता कोणत्याही व्यासपीठावर दिसलेला नाही.

त्यांच्या कार्यक्रमाचे नाव होते 'असंच आपलं'. दोन खुर्च्या, मध्ये स्टूल, स्टुलावर पाण्याचा तांब्या. लिहिलेले काही नसे, तालीमही नसे. सुरुवातीला सिद्धार्थ समोरच्यांना विचारायचा, "आज घरून निघताना काय राहिलं?" कोणी म्हणे चष्मा, कोणी म्हणे मोटार बंद करायची राहिली. एकदा एक गृहस्थ उभे राहून म्हणाले, "बायको." तेवढ्या शब्दावरून दोघे बोलायला लागत आणि शाळा, पाहुणे, पंगती, दुखणी, लहानपणचे मार असे फिरत फिरत कार्यक्रम संपवत. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतली गणेश मंडळे, जयंती समित्या, शाळांची स्नेहसंमेलने इथून त्यांना बोलावणी येत.

दोघांमध्ये एक नियम होता. नाही म्हणायचे नाही. एकाने "आठवतंय का" म्हटले की दुसऱ्याने "हाव", म्हणजे हो, म्हणायचे आणि त्यात आपली भर घालायची. सांगितलेली आठवण खरी की खोटी, हा प्रश्न नव्हता. या नियमातून एक रिवाज तयार झाला होता. व्यासपीठावरून उतरल्यावर एकमेकांना घरचे, लहानपणचे काही विचारायचे नाही. कॉलेजात असताना दोघे नांदेडच्या एका वसतिगृहात एकाच खोलीत राहिले होते, नंतर एकमेकांच्या लग्नात राबले होते. तरी हा रिवाज त्यांनी पाळला. "इचारलं की शिळं व्हतंय," असे सिद्धार्थ सांगायचा. दोघांनाही या गोष्टीचा अभिमान होता.

सिद्धार्थ बिलोली तालुक्यातला. एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक. बुटका, गोल चेहऱ्याचा, पटकन हसणारा. दत्ता देवणी तालुक्यातला. नांदेडला खत-बियाण्यांच्या दुकानात काउंटरवर बसायचा. उंच, खांद्यात जरा वाकलेला, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्यावर रुमालासारखी दस्ती. व्यासपीठावर तो कधी हसला नाही. लोक हसत तेव्हा तो तांब्याकडे बघत राहायचा, जणू हसण्याचे कारण तांब्यात आहे.

दत्ता आणि मी एकाच गल्लीत राहत होतो आणि सकाळचा नाश्ता एकाच टपरीवर करत होतो. त्याचे ऐकणे वेगळे होते. तो खात असताना शेजारच्या बाकावर कोणी एखादे चांगले वाक्य बोलले की त्याचा घास हातातच थांबायचा. मान हलायची नाही, नजर वळायची नाही, फक्त हात थांबायचा. टपरीवरच्या लोकांना ही खूण माहीत झाली होती. "थांबला बघा लोहकरे. गेलं हे आता स्टेजवर," असे कोणी तरी म्हणे आणि बोलणारा एकदम गप्प होई. त्याची बायको कांता घरात एखादी गोष्ट सांगण्याआधी म्हणत असे, "हे घरातलं हाय, बरं का." दत्ता मान डोलवायचा. कांताच्या म्हणण्याप्रमाणे त्याने घरातले म्हणून सांगितलेले कधी बाहेर नेले नाही. पण तसे सांगायला लागायचे.

कॉलेजची पोरे त्याच्याकडे शिकायला येत. एकदा एका पोराने लंगडत चालणाऱ्या शिपायाची नक्कल करून दाखवली. दत्ताने ती शेवटपर्यंत बघितली आणि तो म्हणाला, "तू त्याच्या समोर उभा राहून सांगूलालास. ज्याचं सांगायचं त्याच्या बाजूला उभं राहायचं असतंय." पोराला ते कळले नाही. पुन्हा तो आला नाही.

देवणीच्या एका लग्नात नवऱ्या मुलाकडची मंडळी वाटेत गाडी बिघडून अडकली. मांडव भरलेला, ऊन वाढलेले, वऱ्हाड कधी येईल ते कोणाला माहीत नाही. मुलीच्या बापाने पाहुणे म्हणून आलेल्या या दोघांच्या हाती माईक दिला.

दत्ता म्हणाला, "आठवतंय का, तुझ्या मामाचा वळू?"

सिद्धार्थच्या मामाकडे शेळीसुद्धा नव्हती. तो म्हणाला, "हाव. त्यालाच तर आमी मामा म्हणायचो."

"आन् मामाला?"

"मामाला कोण काय म्हणंल? वळू माडीवर, मामा गोठ्यात."

"मामी कुटं?"

"मामी वळूला इचारल्याबिगर सयपाक करत नव्हती."

देवणी हे गाईबैलांचे गाव. जनावराच्या बाबतीत तिथे थट्टा असली तरी चूक चालत नाही. पहिल्या रांगेतला एक म्हातारा काठी टेकून उभा राहिला. "रंग कसा व्हता? वानेरा का शेवेरा?" त्याने खरोखरच विचारले होते. वानेऱ्याचे तोंड काळसर असते, शेवेऱ्याच्या अंगभर काळे ठिपके असतात.

दत्ता म्हणाला, "आजोबा, आमी बी इचारलं त्याला. म्हणला, तोंड धुऊन येतो, मग बगा."

म्हातारा खाली बसला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "म्हंजे वानेराच." मांडवात एकच हशा झाला. वऱ्हाड येईपर्यंत लोक जागचे हलले नाहीत. त्या म्हाताऱ्याने जाताना दोघांना घरी बोलावून आपली जनावरे दाखवली आणि मामाच्या वळूची जात पुढे कोणाकडे आहे, तेही विचारले. सिद्धार्थने एका गावाचे नाव सांगितले. नियम माईक खाली ठेवल्यावरही लागू पडला.

दुसरा प्रसंग बिलोली तालुक्यातल्या एका जयंतीचा. सिद्धार्थ आपल्या वडिलांच्या पांढऱ्या सदऱ्याची गोष्ट सांगत होता. जयंतीसाठी ठेवलेला एकच सदरा. तांब्यात निखारे घालून वडील त्याला स्वतः इस्त्री करत. एका वर्षी पाठीवर जळला. दुसरा नव्हता. मग वडील दिवसभर पाठ न दाखवता वावरले. सभेत भिंतीला टेकून बसले. मिरवणुकीत सगळ्यांत शेवटी राहिले. लोक हसत होते. सिद्धार्थही हसत होता आणि मध्येच त्याचा आवाज गेला.

दत्ताने तांब्या उचलून त्याच्या हातात दिला. "हाव," तो म्हणाला. "आठवतंय की. मिरवणुकीत सगळ्यांत मागं दोघंच व्हते. एक तुझा बाप आन् एक माझा."

सिद्धार्थ पाणी प्यायला. "तुझा बाप कामून मागं?"

"त्याचा सदरा म्होरून जळला व्हता. मग काय, तुझा बाप पुढं आन् माझा बाप त्याच्या पाठीला छाती लावून मागं. दोघाचीबी भोकं झाकली. गावातून तसेच चालले. लोकं म्हणली, बगा, किती येकी हाय ह्यांच्यात."

मंडपातले म्हातारे लोक डोळे पुसत हसले. दत्ताचे वडील तो कडेवर असतानाच वारले होते. वडिलांचा सदरा त्याने कधी पाहिला नव्हता. सिद्धार्थला हे तेव्हा माहीत नव्हते, कारण त्याने कधी विचारले नव्हते.

पण लोक ज्यासाठी येत ते आक्काचे किस्से होते.

आक्का म्हणजे सरूबाई, दत्ताची थोरली बहीण. औशाजवळच्या एका खेड्यात दिलेली. आई वारल्यावर तिचे माहेर म्हणजे दत्ताचे नांदेडचे घर. दर दोन-तीन महिन्यांनी ती शेंगांची चटणी आणि ज्वारीचे पीठ घेऊन एकटी बसने यायची. तिला वाचता येत नव्हते. बसची पाटी तिच्या उपयोगाची नव्हती. ती विचारत विचारत यायची. औशाला विचारायची, लातूरला गाडी बदलताना विचारायची, नांदेडला उतरल्यावर रिक्षावाल्याला विचारायची. आमच्या गल्लीत दत्ताचे घर तिला डोळे मिटून सापडले असते, तरी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला ती प्रत्येक वेळी विचारायची, "लोहकऱ्याचं घर कुठं हो?" दुकानदार म्हणायचा, "मावशी, मागच्या म्हैन्यात तर आलता." ती म्हणायची, "आसू द्या. इचारलं की बोलणं व्हतंय." लातूरच्या स्टँडवर गाडीची चौकशी करताना तिने एका अनोळखी बाईच्या मुलीसाठी आपल्या भाऊबंदातले स्थळ सुचवले आणि ते लग्न झाले. तुळजापूर, हैदराबाद, जिथे जिथे तिला जायचे होते तिथे ती अशीच जाऊन आली होती.

दत्ताचा किस्सा असा असे.

"आठवतंय का, आक्का औशाच्या गाडीत बसली?"

"हाव. किती जणाला इचारून बसली?"

"आदी एका बाईला इचारलं. बाई म्हणली, हाव, औशाचीच. मग एका म्हाताऱ्याला. म्हातारा म्हणला, हाव. मग डायवरला."

"कंडक्टरला न्हाई?"

"त्याचं काय खरं? तुमी चंद्रावर जायचं म्हणा, तो तिकीट फाडतो."

"मग बसली?"

"बसली. गाडी सुटली. गावाभायेर आली. आक्का उठली, पुढं गेली, डायवरच्या खांद्यावर हात ठिवला आन् म्हणली, 'भाऊ, अजून बी औशालाच चालली न्हवं?'"

पुढे पुढे हे शेवटचे वाक्य दत्ताला बोलावे लागत नसे. तो हात उचलून काल्पनिक खांद्यावर ठेवायचा आणि सगळे सभागृह एका सुरात म्हणायचे, "अजून बी औशालाच चालली न्हवं?" दत्ता तांब्याकडे बघत बसायचा. नांदेडच्या रिक्षात, लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या सहलीत लोक हे वाक्य वापरायला लागले. सिद्धार्थने आक्काला नांदेडला दोन-चारदा पाहिले होते, तिच्या हातची चटणी खाल्ली होती. बसचे किस्से मात्र तो वळूसारखेच समजत होता.

औसा तालुक्यात या जोडीचा कार्यक्रम कधी झाला नव्हता. बोलावणी आली की दत्ता दुकानाचे कारण सांगायचा. मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी एका शाळेच्या वर्धापनदिनाचे आमंत्रण सिद्धार्थकडे आले आणि त्याने ते घेतले. जाताना जीपमध्ये दत्ता म्हणाला, "आज आक्काचं नको."

"बरं. कामून?"

"नको म्हणलं ना."

सिद्धार्थने पुढे विचारले नाही. रिवाज तसा होता.

मैदान भरले होते. सुरुवातीपासूनच मागची पोरे "आक्का, आक्का" ओरडत होती. दत्ताने दोन वेळा विषय वळवला. तिसऱ्या वेळी पहिल्या रांगेतले संस्थेचे अध्यक्षही हसत हसत म्हणाले, "होऊ द्या की लोहकरे, आमच्याच तालुक्यातल्या आहेत त्या." दत्ता पाणी प्यायला. आदल्या दिवशी आक्का फोनवर म्हणाली होती, खळ्यावर हरभऱ्याची रास चालू आहे, येणे होणार नाही. रास दुपारीच उरकली आणि शेजारणींनी तिला टेम्पोत घालून आणले, हे त्याला माहीत नव्हते. त्याने आक्काचा किस्सा सुरू केला. मैदानाने शेवटचे वाक्य म्हटले. आवाज इतका मोठा होता की सिद्धार्थ खूश झाला आणि त्याने, नियमाप्रमाणे, भर घातली.

"पर मला एक सांग. आक्का शाळंत कामून गेली न्हाई?"

याआधी हा प्रश्न कधी आला नव्हता. दत्ता म्हणाला, "मास्तर भेत व्हता तिला."

लोक हसत असतानाच महिलांच्या बाजूने आवाज आला. "तुला कडंवर घिऊन कुठं जाऊ रे शाळंत?"

माना वळल्या. एका उत्साही स्वयंसेवकाने धावत जाऊन आवाज आला तिथे माईक नेला. आक्काने माईक दोन्ही हातांनी धरला. तो कसा धरतात हे तिला माहीत नसल्याने पहिले शब्द नीट आले नाहीत. नंतरचे सगळ्या मैदानाला ऐकू आले.

"दुसरीत व्हते मी. बाप गेला, माय रोजानं जायची. मी ह्याला घिऊन वर्गात बसायची. हे रडायचं. मास्तर म्हणला, भायेर बस. दोन म्हैने दाराच्या भायेर बसले. मग म्हणलं, भायेरच बसायचं तर घरी बसू."

त्या दिवशीचा सर्वांत मोठा हशा या वाक्याला मिळाला. शिट्ट्या झाल्या. हे आधीच ठरवलेले असणार, असे बहुतेकांना वाटले. अध्यक्षांनी आक्काला व्यासपीठावर बोलावून शाल आणि नारळ दिला. दत्ताने खाली वाकून तिच्या पायावर डोके ठेवले. टाळ्या पुन्हा झाल्या. मैदानात अनेकांचे मोबाइल सुरू होते.

शाळेच्या एका वर्गात चहाची सोय होती. तिथे सिद्धार्थने विचारले, "खरं व्हतं का ते?"

"हाव."

"मला कामून न्हाई सांगितलं?"

"तू इचारलं न्हाईस."

आक्का बाकावर शाल पांघरून बसली होती. ती रागावलेली नव्हती. "लई लोकं हासली. चांगलं बोलतूस की," ती म्हणाली. मग तिने विचारले, "हे तू सगळीकडं सांगतूस का रे?"

"सगळीकडं न्हाई."

"नांदेडात?"

"हाव."

"लातुरात?"

आक्काने शाल काढली, घडी घातली आणि टेम्पो सुटेल म्हणून उठली.

आठवडाभरात ते चित्रण दोन्ही जिल्ह्यांत मोबाइलवर फिरले. त्यानंतर आक्का नांदेडला यायला निघाली. लातूरच्या स्टँडवर काय घडले ते तिच्याच गावच्या एका शिक्षकाने पाहिले. त्यांनी सांगितलेला प्रकार असा. आक्काने एका तरुणाला विचारले, "नांदेडची गाडी कुठं लागती, बाबा?" त्याने तिला ओळखले आणि तो आनंदाने ओरडला, "आक्का! औशाची ही बगा, औशाची!" भोवती लोक जमले. आक्काने एका बाईला विचारले. बाई हसून म्हणाली, "औशालाच चालली न्हवं?" तिने एका म्हाताऱ्याला विचारले. म्हाताऱ्यानेही हसत औशाच्या गाडीकडे हात केला. कोणी तिच्याशी वाईट वागले नाही. एकाने चहा आणला, दोघींनी तिच्या शेजारी उभे राहून फोटो काढले. जो तो तिला तिच्या किस्स्यातले उत्तर देत होता. नांदेडची गाडी कुठे लागते, हे मात्र तिला कोणी सांगितले नाही. शिक्षक रस्ता ओलांडून पोचेपर्यंत ती औशाच्या गाडीत चढली होती. पिठाची पिशवी मांडीवर घेऊन ती घरी परत गेली.

त्यानंतर कित्येक महिने ती बसमध्ये बसली नाही.

दत्ताला हे कळले त्या दिवसापासून त्याने आक्काचे किस्से बंद केले. स्वतःच्या मोबाइलवरून टाकलेली चित्रणे काढली. इतरांनी टाकलेली काढता येत नव्हती. दुकानात गिऱ्हाईक बियाण्याची पिशवी उचलताना म्हणे, "काय लोहकरे, अजून बी औशालाच?" दत्ता उठून मागच्या गोदामात जायचा. टपरीवर तो भिंतीकडे तोंड करून बसू लागला. पूर्वी लोक त्याच्यासमोर बोलायला बिचकत. आता तो कोणी बोलायला लागले की उठून जायचा.

आक्काची मुलगी रेखा बिलोलीला दिलेली. तिचे दुसरे बाळंतपण दिवाळीच्या सुमाराला होते. दुसरे म्हणून ते सासरीच व्हायचे होते. नवरा हैदराबादला कामाला, सासू अंथरुणाला खिळलेली. आक्काने जाणे भाग होते. औसा, लातूर, नांदेड, बिलोली, अशा गाड्या बदलत जायचे. तिचा नवरा गुरे आणि शेत सोडून हलू शकत नव्हता. दिवाळीच्या आधी दत्ता भाड्याची जीप घेऊन तिच्या दारात गेला. सोबत कांता होती. पुढचे बोलणे कांताने सांगितले.

"चल आक्का, गाडी आणलीय."

"न्हाई."

"रेखाचे दिवस भरलेत."

"मला म्हाईत हाय."

"मग?"

"तुझ्या गाडीत बसले समज. वाटंत मी कायबाय बोलून जाईन. ते तुला पुढच्या कार्यक्रमाला व्हईल."

"न्हाई सांगणार आक्का. तुझी शपथ."

"त्ये बी सांगशील. आक्काची शपथ घेतली, म्हणशील. हासतील लोकं."

दत्ता उंबऱ्यावर बसला. आक्काने कपबशी त्याच्यापुढे सरकवली. "च्या पी. निवूलालाय."

दोन दिवसांनी सिद्धार्थ दत्ताला न सांगता तिच्याकडे गेला. माझे गाव बिलोलीकडेच आहे, मी सोडतो, असे म्हणाला. आक्काने त्याला बसायला पाट दिला आणि विचारले, "तुमीच न्हवं का त्ये, शाळंचं इचारणारे?"

सिद्धार्थ म्हणाला, "चुकलं माझं, आक्का."

"चुकलं कशाला? दत्तानं तर कधी इचारलं न्हाई. तुमी इचारलं."

त्याच्याबरोबर यायलाही तिने नकार दिला. परक्या माणसाबरोबर कशाला, एवढेच म्हणाली. हे बोलणे आपण दत्ताला सांगितले की नाही, ते सिद्धार्थने मला सांगितले नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारचा नांदेडचा कार्यक्रम आधीच ठरलेला होता. सुरुवातीलाच दत्ता माईक घेऊन पुढे आला. नेहमी बसून बोलणारा दत्ता उभा होता. तो म्हणाला, "आज मला एक इचारायचंय. औशाच्या एका बाईला बिलोलीला जायचंय. वाचता येत न्हाई तिला. ती एकटी चाललीय. तुमाला तिनं गाडी इचारली तर तुमी काय सांगणार?"

सभागृहाने एका सुरात उत्तर दिले, "अजून बी औशालाच चालली न्हवं?"

"तसं न्हाई. खरंच इचारूलालो."

हशा वाढला. दत्ता म्हणाला, "हात जोडतो." त्याने हात जोडले. माईक हातात असल्याने ते नीट जोडले गेले नाहीत आणि त्यालाही हशा मिळाला. सिद्धार्थ उठून म्हणाला, "थांबा, तो खरं बोलूलालाय." हे वाक्य तर लोकांना फारच आवडले. तेव्हा दत्ताने माईक खुर्चीवर ठेवला.

पुढच्या आठवड्यात रेखाने आईला फोन करून काय सांगितले, ते ठाऊक नाही. तिने मामाला जो निरोप दिला तो कांताने ऐकला. "आई म्हणती, मामाला म्हणावं तू पुढं चल. मी मागून येते. बोलू नको म्हणावं, वळून बी बगू नको."

मी त्या दिवशी सकाळी माझ्या कामासाठी नांदेडच्या स्टँडवर होतो. लातूरकडून आलेली गाडी लागली. आधी दत्ता उतरला. मला बघून त्याने मान किंचित हलवली, जवळ येऊ नकोस अशी. तो बिलोलीच्या गाडीकडे चालू लागला. फार सावकाश चालत होता. वाटेत एक हमाल आडवा आला तेव्हा तो थांबला आणि हमाल गेल्यावरही थोडा वेळ थांबून राहिला. आक्का सगळ्यांत शेवटी उतरली. डोक्यावरून पदर पुढे ओढलेला, हातात कापडी पिशवी. ती त्याच्या बरीच मागे होती. तिने कोणाला काही विचारले नाही. एका बाईने तिच्याकडे निरखून पाहिले तेव्हा आक्काने तोंड फिरवले. दत्ता बिलोलीच्या गाडीत चढला आणि पुढच्या बाकावर खिडकीशी बसला. आक्का दाराशी उभी राहिली. काचेतून त्याचे डोके दिसत होते. ते दिसल्यावर ती चढली आणि मागे जाऊन बसली. गाडी सुटेपर्यंत दत्ताने मान वळवली नाही.

पुढचे सिद्धार्थकडून कळले. बिलोलीत रेखाचा दीर स्टँडवर आला होता. दत्ता उतरून त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला, आक्का तिथवर आली, दिराने पिशवी घेतली. दत्ता समोर लागलेल्या नांदेडच्या गाडीत बसून परत आला.

रेखाला मुलगी झाली. आक्का दोन महिने बिलोलीत राहिली. परत जाताना तिने रेखाच्या दिराला बरोबर घेतले. दत्ता खत-बियाण्यांच्याच दुकानात आहे. त्याने काउंटर सोडून गोदामाचे काम मागून घेतले. सिद्धार्थ एकट्याने कार्यक्रम करत नाही. बारशाचे आमंत्रण दत्ताच्या घरी आले होते. कांता एकटी जाऊन आली. दत्ताने बाळाला अजून पाहिलेले नाही.